खानेसुमारी आणि धर्माचा रकाना

शिरगणतीचा विषय निघाला म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरांतून सहसा थोडा कंटाळाच व्यक्त होतो. दारी एखादा शिक्षक येतो. घरात माणसे किती, खोल्या किती, पाणी विहिरीचे की नळाचे, असे विचारतो. घरातील कर्ता पुरुष वर्तमानपत्र बाजूस ठेवून उत्तरे देतो, आणि थोड्या वेळात हा राष्ट्रीय विधी आटोपतो. या प्रश्नांत एक प्रश्न धर्माचा असतो. त्याचे उत्तर तर प्रश्न पुरता कानी पडण्यापूर्वीच दिले जाते. कित्येकदा प्रगणक तो विचारीतही नाही, दारावरील पाटी वाचून आपणच उत्तर लिहून मोकळा होतो. परंतु महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकास असा एक जिल्हा आहे की, तेथील पुष्कळ कुटुंबांस या एका प्रश्नाशी क्षणभर थांबावे लागते. तो जिल्हा गोंदिया होय.

जिल्हा म्हणून त्याचे वय लहान आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन तो निराळा झाला. मुलूख मात्र जुना. जुन्या मध्यप्रांतातून मध्यप्रदेशात, तेथून १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० साली महाराष्ट्रात, असा राज्यांचा प्रवास या भूमीने जागचे न हलता केला. धानाची शेती, तळी, भाताच्या गिरण्या आणि दाट रान ही येथील ओळख. २०११ च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ भरली, आणि तीत सुमारे सोळा टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांत गोंडांचा भरणा मोठा.

याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातील धनेगावाजवळ, कचारगड नावाचा डोंगर आहे. रेल्वेने जावयाचे तर दरेकसा स्थानकावर उतरून पुढे जावे लागते. डोंगराच्या पोटात प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथे जी यात्रा भरते, तिला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा इत्यादी प्रांतांतून गोंड लोक येतात. सप्तरंगी ध्वज, ढोल, मांदर, पिवळी पागोटी आणि गोंडी बोली यांनी ती चार-दोन दिवस सारी वाट भरून जाते. यात्रेकरूंची श्रद्धा अशी की, काली कंकाली दाईची मुले या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली. आणि सुटलेल्या त्या मुलांस लिंगोने सगे-सोयऱ्यांचे नियम घालून दिले, तोच गोंडांचा धर्म. त्यास ते कोया पुनेम म्हणतात. देवास त्यांच्या भाषेत ‘पेन’ असा शब्द आहे. कोणी चार पेनांचा, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात पेनांचा. ज्यांच्या पेनांची संख्या एक, त्यांचे आपसांत लग्न होत नाही. साजाचे झाड हे थोर पेनाचे ठिकाण. देवळाचे शिखर नाही, मूर्ती नाही, पोथीही नाही. परंतु नियम आहेत, आणि ते बहुधा पोथीवाल्यांच्या नियमांपेक्षा अधिक कसोशीने पाळले जातात.

ही कथा आजकाल कोणी रचली असे समजण्याचे कारण नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोंडांच्या तोंडून लिंगोचे दीर्घ गीत उतरून घेतले होते. १८६३ साली हिस्लॉप यांचा बुडून अंत झाला, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. त्या गीतातही गुहा आहे, कोंडलेले गोंड आहेत, सोडविणारा लिंगो आहे. आणि कोंडणारा कोण, तर महादेव! येथेच मोठी गंमत आहे. महादेव कथेत आला, त्या अर्थी हे लोक हिंदूच, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, शंभू हा मुळात आमचाच. तो तुमच्याकडे कधी गेला याचा शोध तुम्हीच घ्या. दोन्ही पक्षांस याच गीतात आधार सापडतो, आणि या वादाचा निकाल कोणत्याही सरकारी कचेरीत लागण्याजोगा नाही, हे उघड आहे.

तथापि सरकारी कचेऱ्यांनी तो लावण्याचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. १८८१ सालापासून दर दहा वर्षांनी साऱ्या हिंदुस्थानची गणती होऊ लागली, तेव्हापासून या लोकांस कोणत्या नावाखाली लिहावे याविषयी इंग्रज अधिकाऱ्यांची जी त्रेधा उडाली, ती त्यांच्याच अहवालांत पाहावयास मिळते. १९०१ व १९११ साली त्यांनी ‘ॲनिमिस्ट’, म्हणजे जडवस्तूंत जीव मानणारे, असा शब्द योजिला. १९३१ साली गणतीचे प्रमुख जे. एच. हटन यांनी तो टाकून ‘जमातींचे धर्म’ असे म्हटले. १९४१ साली धर्माऐवजी जमातच मोजली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या गणतीपासून ते नावही गेले. राहिले ते सहा मोठे धर्म, आणि त्यांत न बसणाऱ्या सर्वांकरिता ‘इतर’. माणसे तीच, रान तेच, पेन तेच. पाट्या मात्र बदलत गेल्या.

यांतील १९११ चा प्रसंग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या वेळचे प्रमुख ई. ए. गेट यांनी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांस काही कसोट्या लावून पाहावयास सांगितले. हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे कोण, वेदांचे प्रामाण्य न मानणारे कोण, देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांस प्रवेश नाही असे कोण, प्रेत पुरणारे कोण, असे ते प्रश्न होते. मध्यप्रांत व वऱ्हाडातून जे उत्तर आले ते थक्क करणारे होते. हिंदू म्हणून लिहिलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांश लोक पहिल्या दोन्ही गोष्टी मानीत नव्हते. अर्ध्यांहून अधिक लोक मान्यताप्राप्त गुरूकडून मंत्र घेत नव्हते. सुमारे तृतीयांशांस देवळांचे दार बंद होते. हे प्रश्न निघताच देशभर गदारोळ झाला, आणि तो अकारण नव्हता. कारण १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, आणि कोणाची संख्या किती यावरून कोणास जागा किती, हा हिशेब सुरू झाला होता. पण गेट यांच्या आकड्यांत एक सत्य उघडे पडले, ते हे की, ‘हिंदू’ हा रकाना वाटतो तेवढा एकजिनसी नव्हता. आणि ज्यांस आपण घरचे म्हणून मोजीत होतो त्यांतील पुष्कळांस आपण उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हतो.

संख्येवर जागा अवलंबून ठेवल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण लेबनॉन या लहानशा देशात पाहावयास मिळते. तेथे १९३२ साली गणती झाली. ख्रिस्ती व मुसलमान यांच्या विधिमंडळातील जागांचे प्रमाण पुढे सहास पाच असे धरण्यात आले. नंतर लोकसंख्या बदलली, पण गणती पुन्हा झाली नाही. कारण नवा आकडा म्हणजे नवे भांडण. पंधरा वर्षांच्या यादवीनंतर जागा निम्म्या-निम्म्या झाल्या, परंतु १९३२ नंतर अधिकृत गणती अशी त्या देशाने केलीच नाही. आपला देश किती आहे हेच न मोजता राज्य चालविण्याची पाळी एखाद्या राष्ट्रावर यावी, हे विलक्षण खरे.

भारताने ही वाट वेळीच सोडली. घटना समितीने १९४९ साली धर्मावर आधारलेल्या राखीव जागांची कल्पना टाकून दिली; स्वतंत्र मतदारसंघ तर त्यापूर्वीच गेले होते. धर्माच्या रकान्यातील आकड्यावरून विधिमंडळात कोणास एकही जागा मिळत नाही. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले. सत्ताविसाव्याने कोणत्याही एका धर्माच्या वाढीसाठी कर देण्याची सक्ती बंद केली. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. त्यापूर्वी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांची तशा आशयाची सूचना घटना समितीने नाकारली होती. शब्द नव्हता तेव्हाही ही कलमे होतीच. या शब्दाचे भाषांतरही मोठे मासलेवाईक. आपल्याकडे प्रथम कोणी ‘निधर्मी’ म्हणत, आणि ऐकणाऱ्यास वाटे की सरकारने देव्हारा उचलून बाहेर टाकला. घटनेच्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा नसलेला. नागरिकाकडून अमुक एका धर्माची अपेक्षा न धरणारे राज्य, असा त्याचा साधा अर्थ घेतला तर शब्द मुळीच वाईट नाही.

मग अशा राज्याने धर्म विचारावाच कशाला, असा प्रश्न कोणी करील. फ्रान्समध्ये १८७२ नंतरच्या गणत्यांत तो विचारलेला नाही. अमेरिकेत धर्माच्या प्रश्नाचे उत्तर सक्तीने घेण्यास १९७६ च्या कायद्याने मनाई आहे. युक्तिवाद वजनदार आहे. परंतु भारतासारख्या देशात न मोजण्याने भेद नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. कोणत्या समाजात साक्षरता किती, कोणत्या समाजात मुलींचे प्रमाण किती, हे न मोजता कळावयाचे कसे? तेव्हा विचारणे गैर नाही. विचारून झाल्यावर उत्तर कोणाचे लिहावयाचे, सांगणाऱ्याचे की लिहिणाऱ्याचे, येथे सारी मेख आहे.

या बाबतीत गोंदियाच्याच मातीतील दुसरे उदाहरण फार बोलके आहे. १९५१ साली, आज ज्यास महाराष्ट्र म्हणतो त्या प्रदेशात बौद्ध किती होते? अवघे २,४८७. दहा वर्षांनी, १९६१ च्या गणतीत, तो आकडा २७,८९,५०१ झाला. मध्यंतरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली होती. भंडारा-गोंदियाचा मुलूख बाबासाहेबांस परका नव्हता. १९५४ साली भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढविली होती व तीत त्यांचा पराभव झाला होता. आकड्यांच्या जगात एवढी उडी क्वचितच दिसते. पण तिची किंमत ध्यानात घेतली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यांत शिखांची भर पडली. बौद्धांस केंद्राच्या त्या सवलती १९९० सालीच मिळाल्या. म्हणजे चौतीस वर्षे, ज्या बापाने प्रगणकास ‘बौद्ध’ असे सांगितले, त्याला हे ठाऊक होते की या एका शब्दापायी मुलाची केंद्र सरकारातील नोकरी हातची जाऊ शकते. तरीही लक्षावधी लोकांनी तो शब्द लिहविला. धर्म म्हणजे केवळ सोयीची गोष्ट, असे मानणाऱ्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे.

अनुसूचित जमातींचे तसे नाही. त्यांच्या सूचीस धर्माची अट नाही. गोंड मनुष्याने हिंदू लिहिले, ख्रिस्ती लिहिले, की गोंडी लिहिले, जमातीचा हक्क सुटत नाही. हिंदू विवाहाचा १९५५ चा कायदा व वारसाहक्काचा १९५६ चा कायदा, हे दोन्ही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्यावाचून अनुसूचित जमातींस लागू होत नाहीत. कायदा म्हणतो, लग्नाच्या व वारशाच्या बाबतीत तुमची रीत निराळी. रकाना म्हणतो, तुम्हांस निराळे नाव नाही. ही विसंगती गोंड विद्यार्थ्यांच्या ध्यानात येऊ लागली, त्यास आता बरीच वर्षे झाली. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी भाषेच्या अभ्यासकाने आपले सारे आयुष्य जवळजवळ याच एका कामी वेचले. २०१५ साली ते वारले.

आता आकडे पाहावे. २०११ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक १ कोटी ५ लाखांवर होते. ‘इतर धर्म’ या सदराखाली सबंध राज्यात पावणेदोन लाखांहून थोडे अधिक. देशभरात गोंडी हा आपला धर्म म्हणून सांगणारे सुमारे दहा लाख. गोंडी ही मातृभाषा सांगणारे मात्र २९ लाख ८४ हजार. म्हणजे भाषा सांगणारे तिप्पट. यावरून एक पक्ष असा निष्कर्ष काढतो की, बहुसंख्य गोंड स्वखुशीने हिंदू म्हणवितात. त्यांतील पुष्कळ खरोखरीच तसे म्हणवितात, हे नाकारून चालणार नाही. शेकडो वर्षांच्या शेजारात मारुती, महादेव, पोळा, दिवाळी ही त्यांच्या अंगणात आली आहेत, आणि ती परकी म्हणून बाहेर काढा असे बाहेरच्या कोणी सांगणे हाही जुलूमच होय. परंतु दुसऱ्या पक्षाचेही ऐकावे. २०११ च्या पत्रकात सहा धर्मांस एक ते सहा असे अंक होते; अंक घातला की काम झाले. बाकीच्यांचे नाव अक्षरांनी पुरते लिहावयाचे होते. दिवसभर फिरून थकलेल्या प्रगणकास अंक सोपा की अक्षरे सोपी? नियम असा की सांगणारा जे सांगेल ते जसेच्या तसे लिहावे, नावावरून वा जातीवरून अनुमान करू नये. नियम निर्दोष आहे. पण नियमाचा अंमल शेवटी एका पेन्सिलीच्या टोकावर होतो.

या ‘इतर’ शब्दाखाली कोण कोण नांदतात तेही पाहण्यासारखे आहे. झारखंड व शेजारच्या प्रांतांतील सरना धर्माचे ४९ लाख ५७ हजार लोक त्यात आहेत. जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार. म्हणजे संख्येने जैनांहून मोठा असलेला समाज ‘इतर’, आणि जैन स्वतंत्र! पारशी हा महाराष्ट्रास सर्वपरिचित समाज, तोही ५७ हजारांवर आलेला, ‘इतरां’तच. झारखंडच्या विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी सरनास स्वतंत्र रकाना मिळावा असा ठराव एकमताने केला. गोंडी संघटनांची मागणीही तशीच आहे. मात्र सरना, गोंडी, आदि अशा सर्वांनी मिळून एक नाव घ्यावे की ज्याचे त्याने निराळे, यावर त्यांच्यात एकवाक्यता नाही. त्यांच्यातील मतभेद पाहून हसणाऱ्यांनी एवढेच आठवावे की, एकवाक्यता ही अट लावली असती, तर कोणत्याच धर्मास आजवर रकाना मिळाला नसता.

रकान्याच्या आतही सर्व सारखे असतात असे नाही, हे गोंदिया जिल्ह्यातच दिसते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्गेलिंग. तेथे लामा आहेत, प्रार्थनेची चक्रे आहेत. दोन-चार कोसांवर एखाद्या खेड्यात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे वंदना म्हणणारे विहार आहे. दोघेही बौद्ध, एकाचा अंक तोच दुसऱ्याचा. दोघांच्या उपासनेत साम्य शोधावयाचे तर विद्वान लागेल. आणि त्याच परिसरात प्रतापगडाच्या डोंगरावर महादेव आहे व दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत गोंड, कुणबी, पोवार, मुसलमान सगळेच चढतात. त्या वाटेवर कोणी कोणास रकाना विचारीत नाही. हेच खरे सेक्युलर जीवन, मग मोजणी हवी कशास, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु यात्रेत एकत्र चढणे निराळे आणि सरकारी कागदावर स्वतःच्या नावाने असणे निराळे. शेजार गोड असला म्हणून कोणी सात-बारावरचे आपले नाव शेजाऱ्यास देऊन टाकीत नाही.

शिरगणतीच्या १९४८ च्या कायद्यात एक मोठी हृद्य तरतूद आहे. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे प्रत्येकास बंधनकारक आहे. परंतु कोणत्याही स्त्रीस आपल्या पतीचे, अथवा रूढीने ज्याचे नाव घेणे वर्ज्य आहे अशा कोणाचे, नाव सांगण्याची सक्ती नाही. पती न म्हणता ‘घरधनी’ म्हणणाऱ्या बाईचा संकोच कायद्याने जपला. ज्या कायद्यास एवढा नाजूक विचार सुचला, त्यास धनेगावच्या एखाद्या म्हातारीने ‘आमचा पेन’ म्हटले तर ते लिहून घेणे जड जाऊ नये. त्यासाठी घटना बदलावयास नको, की नवा कायदा नको. अंकांच्या यादीत एका अंकाची भर, आणि प्रगणकांच्या शिकवणीत अर्ध्या तासाची भर, एवढ्याने भागेल. त्याने हिंदूंची संख्या थोडी घटेल, ही भीती काहींस वाटते. १९६१ च्या गणतीपर्यंत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या आसपास लोक त्या रकान्यातून बौद्धांच्या रकान्यात गेले. त्याने हिंदू धर्म बुडाला असे कोणी म्हणत नाही.

२०२१ साली होणारी गणती महामारीमुळे राहून गेली. तिच्या जागी जी होणार, तिची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा क्षण ठरला, आणि माणसे मोजण्याचे काम त्या वर्षीच्या फेब्रुवारीत करावयाचे ठरले. पंचांगाप्रमाणे २०२७ ची माघी पौर्णिमा २० फेब्रुवारीस येते. म्हणजे सालेकसा तालुक्यातील प्रगणक कागद वा यंत्र हाती घेऊन जेव्हा घरोघर फिरत असेल, त्याच आठवड्यात दरेकसा स्थानकावर ध्वज घेतलेली माणसे गाडीतून उतरत असतील, आणि गुहेकडे जाणारी वाट भरून गेलेली असेल.